तीन खऱ्या, चौथी आपली

"वहिनी, गोष्टीतला माणूस खरा वाटायला हवा असेल ना, तर आधी त्याला घाण यायला हवी," चंदर म्हणाला, आणि माझ्या ताटातली गवारीची एक कोवळी शेंग उचलून त्याने दातात धरली.

देवाच्या नैवेद्याची भाजी पुढ्यात, आणि याच्या तोंडी घाण!

चंदर माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन नाशकात आले तेव्हा हा पाटीवर अक्षरं गिरवीत होता, म्हणून त्याला भावजी कधी म्हटलंच नाही. आमचं शिंप्याचं घर. घरचे, म्हणजे माझे यजमान, भद्रकालीतल्या दुकानात मशीनवर बसतात, मी घरी काजं आणि हातशिलाई करते. चंदर मॅट्रिक झाला, कचेरीत चिकटला आणि मग गोष्टी लिहायला लागला. मासिकात त्याचं नाव चंद्रहास. राजे-राण्या गेल्या, आता गोष्टीत आपल्या गल्लीतली माणसं हवीत, जशीच्या तशी हवीत, असं तो म्हणायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीतली माणसं काय कमी गोड आहेत? येऊ देत की गोष्टीत.

"घाण म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे खोट. तुमच्या झिपरूबुवांच्या आख्यानातली माणसं पाहा. सगळी आंघोळ करून, गंध लावून आल्यासारखी. कोण विश्वास ठेवणार?"

"आणि तो समईचा चोर? त्याने कधी आंघोळ केली?"

यावर तो हसला. झिपरूबुवा कीर्तनकार; त्यांचं समईच्या चोराचं आख्यान आमच्या आळीत सगळ्यांना पाठ होतं, तरी दरवेळी अंगावर काटा यायचा. चोर गाभाऱ्यात शिरतो, समई उचलायला हात पुढे करतो आणि तळहाताला घाम सुटलेला म्हणून आधी तो धोतराला पुसतो. बुवा एवढंच करायचे, हात धोतराला पुसायचे. पण बसलेल्या बायकांचे हात आपोआप पदराला जायचे. मीच एकदा बुवांना विचारलं होतं, "हा चोर तुम्ही पाहिलात कुठे?" बुवा सटाण्याकडचे. गादीवर उभे राहिले की भाषा अशी शुद्ध की पुण्याच्या माणसाने मान डोलवावी, आणि गादीवरून उतरले की बागलाणी. म्हणाले, "पाहायला कुठे जाऊ, माय? तो मीच शे ना. ल्हानपणी देवापुढला गुळाचा खडा मी उचलेल शे. हात असा ओला झाला व्हता."

मी हे चंदरला सांगितलं. तो म्हणाला, "गुळाचा खडा! वहिनी, गुळाच्या खड्यावर आजकाल मासिक चालत नाही. माझी रीत ऐका. एका माणसाच्या तीन गोष्टी उचलायच्या, अगदी खऱ्या. त्याचं खोकणं, त्याचं बसणं, त्याचा हात. आणि चौथी आपली घालायची. पहिल्या तीन डोळ्यांनी पाहिलेल्या असल्या की चौथी लोक डोळे मिटून गिळतात."

"चौथी कसली?"

"तीच. घाण," तो म्हणाला, आणि शेंगेचं देठ माझ्या निवडलेल्या ढिगात टाकून उठून गेला. मी ते वेचून काढलं.

त्या वर्षी वैशाख अधिक आला होता. धोंड्याचा महिना म्हणून आळीतल्या विठ्ठलमंदिरात महिनाभर कीर्तन ठरलं होतं, तेही तिसऱ्या प्रहरी, म्हणजे बायकांना ऐकून चुलीपाशी वेळेवर परतता यावं. बुवांचं दुपारचं पान आमच्याकडे असायचं. चंदर मुद्दाम त्यांच्या शेजारी पाट मांडून बसायचा. घसा बसू नये म्हणून बुवा मिरं आणि खडीसाखर तोंडात धरतात, ती कुठल्या गालात धरतात, उपरण्याचा शेव उजव्या मुठीभोवती का गुंडाळतात, सगळं विचारायचा. बुवांना कोण आनंद! "पोरगं शिकेल शे, तरी कीर्तनाचं पुसतं," असं मला सांगायचे.

उजव्या मुठीचं आळीत कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी गुऱ्हाळात उकळत्या काहिलीत त्यांचा हात गेला. बोटं एकमेकांना चिकटून मूठ झाली ती झालीच, अंगठा तेवढा सुटा राहिला. म्हणून चिपळ्या डाव्या हातात. आणि म्हणून कीर्तन संपल्यावर दाराशी उभे राहून ते सगळ्यांना बुक्का लावायचे तो अंगठ्याने. इतर बुवा बोटाच्या टोकाने टिकली लावतात. झिपरूबुवांचा बुक्का म्हणजे कपाळावर चांगला ठसा. घरी आल्यावर मुलं एकमेकांच्या कपाळावरचे अंगठे मोजायची.

आणि बुक्क्याचं आणखी एक. हळदीकुंकवाचं तबक फिरतं ना, ते काही कपाळांना टाळून पुढे जातं. बुक्का कोणाला टाळत नाही. आमच्या देवळात सडासारवण करणारी, वाती वळणारी भागीबाई विसाव्या वर्षीच विधवा झालेली. देवळामागच्या एका खोलीत राहायची. तिच्या कपाळाला माणसाचा हात लागायचा तो बुवांच्या अंगठ्यापुरता. ती सर्वांत शेवटी यायची, डोळे मिटून उभी राहायची, आणि बुवा म्हणायचे, "पांडुरंग." बस्स, तेवढंच.

चंदरने तेवढंच पाहिलं आणि तेवढ्यावरच तो बसला.

अधिकाचे निम्मे दिवस गेले असतील, मासिकाचा अंक आला. चंदर कोरा शर्ट घालून गल्लीत हिंडला. संध्याकाळी नळावर बघते तर समोरच्या सिंधुबाईंची लेक गोष्ट मोठ्याने वाचते आहे आणि घागरी भरून वाहू लागल्या तरी बाया हलत नाहीत. मी अंक मागून घरी आणला. गोष्टीचं नाव 'बुक्का'.

मिरं आणि खडीसाखर होती, डाव्या गालात. उपरण्यात गुंडाळलेली मूठ होती. अंगठा होता. असं हुबेहूब लिहिलेलं, की मला वाचताना बुवांचा खाकरा ऐकू आला. मनात म्हटलं, शाबास रे पोरा. आणि पुढच्याच ओळीला तो अंगठा काशी नावाच्या विधवेच्या कपाळावर टेकला तो उठेचना. कपाळावरून भुवईवर, भुवईवरून गालावर... मी पुढचं इथे लिहीत नाही. देवळाचं मागचं दार होतं, वातींचं टोपलं लवंडलेलं होतं, आणि शेवटी बुवा मूठ धुतात आणि काळं पाणी मोरीतून वाहतं, असं होतं.

घास चावून झाल्यावर तोंडात केस लागावा आणि तो ओढावा तर घशातून येतच राहावा, तसं झालं मला. मी अंक खाली ठेवला आणि आधी हात धुतले. मग वाटलं, हे काय, मूठ धुणारे बुवा आणि हात धुणारी मी! मलाही याने गोष्टीत ओढलं की काय? त्याचीही किळस आली.

दुसऱ्या दिवशी कीर्तन रंगलं नाही. लोक आले होते, नेहमीपेक्षा जास्तच आले होते, पण ते आख्यान ऐकत नव्हते, मूठ बघत होते. संपल्यावर बुवा तबक घेऊन दाराशी उभे राहिले. सिंधुबाई पुढे झाल्या, पदर भुवयांपर्यंत ओढला, तबकातला चिमूटभर बुक्का स्वतःच घेतला आणि स्वतःच लावला. त्यांच्यामागच्या बाईनेही तेच केलं, तिच्या मागचीनेही. बुवांचा अंगठा बुक्क्यात बुडालेला, तसाच वर धरलेला. त्यांना कळेचना. मला वाटतं, त्यांना वाटलं आज घाई असेल सगळ्यांना. मी गेले, कपाळ पुढे केलं. त्यांनी लावला. माझ्या मागे कोणीतरी खुदकन हसलं.

भागीबाई आलीच नाही.

"अहो सिंधुबाई, तो हात काहिलीत भाजलेला, तुम्हीच तर मला पहिल्यांदा सांगितलंत," मी वाटेत म्हटलं.

"भाजला असेल हो. भाजल्याने माणूस साधू होतो का?"

"पण असं काही कधी पाहिलंत?"

"आपण कुठे पाहायला जातो, बाई? पण छापलंय. उगीच छापतील? आणि मिरं-खडीसाखर खरीच आहे की."

पहिल्या तीन पाहिलेल्या, चौथी गिळली. डोळेही मिटायला लागले नाहीत.

देवळाच्या पंचांमध्ये मुख्य मंगळूशेठ, कापडवाले. त्यांनी निरोप धाडला की अधिक संपला की भागीबाईने देवळामागची खोली रिकामी करावी, देवळाचं नाव खराब होतं आहे. त्या खोलीशिवाय तिला जगात दुसरी खोली नव्हती. मी गेले तर ती वाती वळत बसली होती. मला म्हणाली, "काकू, ती काशी कोण हो? तिचं पुढं काय झालं?" तिला वाचता येत नव्हतं. लोकांनी तिला अर्धंमुर्धं सांगितलं होतं.

घरी येऊन मी चंदरला धरलं. तो आरशासमोर भांग पाडीत होता.

"भागीबाईची खोली जाते आहे, चंदर."

"मी भागीबाई कुठे लिहिलंय? ती काशी."

"आणि मूठ मिटलेला हरिदास दुसरा कोण आहे नाशकात?"

त्याने कंगवा खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला, देवाशपथ उजळला. "म्हणजे ओळखलं सगळ्यांनी? वहिनी, याला म्हणतात पात्र जमणं! संपादकांनाही हेच सांगतो, नळावरच्या बायांनी ओळखलं म्हणून."

घरचे जेवायला आले होते. ते फार बोलत नाहीत. पाटावर बसता बसता एवढंच म्हणाले, "माप बुवांचं घेतलंस. अंगरखा कोणाच्या अंगाचा शिवलास, चंदर?"

"दादा, तुम्हाला वाङ्मयातलं कळत नाही."

"नाही कळत बुवा," ते म्हणाले. "वाढ गं."

मी वाढता वाढता म्हटलं, "तू पंचांपुढे जा. म्हण, तीन गोष्टी पाहिल्या, चौथी माझ्या मनाची. एवढं म्हटलंस तर तुझी जीभ झिजणार नाही, आणि त्या बाईचं छप्पर राहील."

"वहिनी, लेखकानेच असं सांगितलं तर पात्र मरतं."

"आणि माणूस मेला तर?"

"माणसं रोज मरतात," तो म्हणाला. "आणखी थोडी आमटी."

मी आमटी वाढली. वाढताना माझा हात त्याच्या ताटाच्या काठाला लागू नये असं मला वाटलं. हाच हात लहानपणी त्याच्या तोंडात घास घालायचा.

बुवांना कोणी सांगितलं नव्हतं, पण तबकाने सांगितलंच. तिसऱ्या दिवशी पान वाढल्यावर त्यांनी मला म्हटलं, "माय, ते पोराने लिहेल शे ते वाच." मी नको नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. मी वाचलं, मागच्या दाराच्या अलीकडे थांबले. ते म्हणाले, पुढचं वाच. मी खाली बघून पुढचंही वाचलं.

त्यांनी मूठ मांडीवर घेऊन निरखली. मग म्हणाले, "हात बराबर लिहेल शे. गालातली खडीसाखर पण बराबर. पण हा हात जे करतो म्हणतो ना, ते माझ्यात शोधलं मी आत्ता. माझ्यात पापं भरपूर शेत, माय. हे नाही सापडत. मग पोराने कोठून आणलं?"

चौथी आपली घालायची, असं चंदरच म्हणाला होता. ते कोठून आलं ते मला कळलं होतं, आणि कळल्यापासून चंदरच्या अंथरुणाची वळकटी उचलायचीही मला शिसारी येत होती.

बुवा म्हणाले, उद्या आख्यान करून मी गावाकडे निघतो, भागीबाईला माझ्यापायी त्रास नको. मी म्हटलं, "बुवा, तुम्ही निघालात तर लोक म्हणतील, बघा, पळाला. मग तिचं कायमचं गेलं."

त्यांनी पान तसंच सोडलं होतं. भातावरचं वरण वाळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाआधी मी भागीबाईच्या खोलीत गेले. "चल," म्हटलं. ती म्हणाली, "काकू, मी आले तर बुवांचं आणखी वाईट होईल." म्हटलं, "बुक्का देवाचा आहे, सिंधुबाईंच्या नळाचा नाही. चल ऊठ." तिने हातातली वात पुरी वळली, मग उठली. खांबाआड बसली. मी तिच्या अंगाला अंग लावून बसले, म्हणजे उठून जायची तर माझ्या मांडीवरून जावं लागेल.

मंडप भरला होता. मागच्या भिंतीला चंदर उभा होता, हाताची घडी घालून, डोळे चकचकीत. नाटकाच्या दारी तिकीट काढून उभा राहावा तसा.

बुवांनी आख्यान समईच्या चोराचंच लावलं. चोर गाभाऱ्यात आला. हात पुढे केला. धोतराला पुसायचा तो क्षण आला आणि बुवांनी मूठ उपरण्यातून सोडवली. उघडी मूठ पहिल्यांदाच दिसली आम्हाला, चामडी वितळून पुन्हा गोठलेली. ती त्यांनी धोतराला पुसली. टाळकरी गजर धरायचं विसरले.

आरती झाली. बुवा तबक घेऊन दाराशी गेले. बाया एकेक करून आपापली चिमूट घेऊ लागल्या. बुवा तबक धरून नुसते उभे, अंगठा कोरडा. मी भागीबाईला कोपराने ढोसलं. ती उठली, आणि चालत गेली ती सरळ त्यांच्यापुढे. नेहमीसारखे डोळे मिटले, कपाळ पुढे केलं.

सगळा मंडप थांबला. मंगळूशेठ खाकरले.

बुवांनी अंगठा बुक्क्यात बुडवला. वर उचलला. आणि तो तिथेच थांबला. इतकी वर्षं ज्या हाताला काही ठाऊक नव्हतं, त्याला आता छापील ठाऊक झालं होतं. तो पुढे जाईना. मी मनात पांडुरंगाचा धावा करत होते, आणि त्याच वेळी माझ्या मनात चंदरला शिव्या चालल्या होत्या. देव क्षमा करो.

बुवांनी हात खाली घेतला. डाव्या हातातलं तबक भागीबाईच्या हातात दिलं आणि तिच्यापुढे वाकले.

"माय, आज तू लाव. मला लाव, नि मग या सगळ्यांना लाव."

तिने डोळे उघडले. तबक छातीशी धरलं. "मी कशी लावू, बुवा?"

"मी लावतो तसा."

आणि तिने लावला. तिची बोटं पाचही धड, पण तिने लावला तो अंगठ्याने. तिने दुसऱ्या तऱ्हेने लावलेला कधी पाहिलाच नव्हता ना. बुवांच्या कपाळावर मोठा काळा ठसा उठला. "पांडुरंग," ती म्हणाली. ऐकू येईल न येईल इतकंच.

कोणी पुढे येईना. मी उठत होते, तेवढ्यात मंगळूशेठांची म्हातारी आई, दिसत नाही तिला धड, भिंत चाचपत पुढे आली. "कोण लावतंय? भागी? लाव गं, मला उशीर झालाय," म्हणाली आणि सुरकुतलं कपाळ पुढे केलं. मग मी गेले. मग आणखी काही जणी. सगळ्या नाही गेल्या. सिंधुबाई चप्पल घालून तशाच निघून गेल्या, त्यांच्या लेकीने मात्र जाता जाता मान पुढे केली आणि लावून घेतला.

मंगळूशेठ आईला हाताला धरून घरी घेऊन गेले. तिच्या कपाळावरचा भागीबाईचा अंगठा पुसल्याशिवाय आता खोलीचं नाव काढता येईना, आणि आईचं कपाळ पुसायची छाती कोणाची असते? ती खोली आजही भागीबाईकडेच आहे. बुवाही महिना पुरा करूनच गेले. पण पुढे बुक्का त्यांनी कोणाला लावला नाही. तबक भागीबाईच धरायची. त्यांची मूठ पुन्हा उपरण्यात गेली ती गेली. एवढं चंदरने नेलंच.

त्या दिवशी संध्याकाळी मी धोंड्याचे अनारसे तळत होते. चंदर आला, पाट ओढून बसला. मला वाटलं, विरघळला असेल. दगड विरघळला असता. मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. कोरं होतं.

"तू नाही लावून घेतलास?"

"मी? छे. मी बघत होतो."

"मग आता लिहिशील ना? जे बघितलंस ते. तुला गल्लीतली माणसं जशीच्या तशी हवी होती ना?"

त्याने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला. मग मान हलवली. "नाही वहिनी. मी येताना तोच विचार करत होतो. विधवा बाई हरिदासाला बुक्का लावते, आणि आंधळी म्हातारी तिच्यापुढे कपाळ करते! वाचक हसतील. हे कोणाला पटणार नाही. यात काही खोटच नाही."

कढईतला अनारसा माझ्या झाऱ्यावर होता. मी तो त्याच्या ताटलीत टाकायला हात पुढे केला आणि हात गेला नाही. बुवांचा थांबला तसा थांबला. त्यांचा हात लाजेने थांबला होता, माझा किळसेने.

मी अनारसा परातीत टाकला आणि परात त्याच्याकडे सरकवली.

"आजपासून तुझं तू हाताने घे," म्हटलं.

"का?"

"नळावर विचार," मी म्हटलं. "बायांना ओळखता येतं सगळं."

त्याने एक अनारसा उचलला, दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला, चव घेतली आणि म्हणाला, "खसखस थोडी जास्त झालीये." आणि दुसरा घेतला.